सोसायटीच्या दाराचा टॅग नक्की काय करतो

"टॅगचा सेल गेलाय वाटतं, बदलून देता का?" हे मला सारखं विचारलं जातं, आणि त्यात सेल नसतोच असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग चालतो कशावर? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी कोणी देत नाही. व्हेंडर टॅगचं पाकीट आणि बिल देऊन मोकळा होतो, कमिटीत कोणाला सॉफ्टवेअरचा पासवर्ड माहीत नसतो, आणि दोनशे घरांची ये-जा ज्याच्या भरवशावर चालते ती वस्तू आत काय करते हे वॉचमनपासून चेअरमनपर्यंत कोणालाच धड ठाऊक नसतं. मी पुण्यात ॲक्सेस कंट्रोल आणि सीसीटीव्हीची कामं करतो, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतोय. लांब होईल, पण घराच्या दाराचा विषय आहे.

तो निळा थेंबासारखा टॅग कधी फुटला तर लगेच टाकून देऊ नका, आधी आत बघा. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे कितीतरी वेढे घेतलेली एक गोल कॉइल दिसेल आणि तिच्या दोन टोकांना जोडलेली, जेमतेम मिलिमीटरभराची चिप, बास, बाकी काही नाही. भिंतीवरच्या रीडरमध्ये पण अशीच एक कॉइल असते, जरा मोठी, आणि तिच्यातून 125 किलोहर्ट्झचा करंट चोवीस तास फिरत असतो, म्हणजे सेकंदाला सव्वा लाख आवर्तनं. त्यामुळे रीडरच्या पुढ्यात काही सेंटिमीटरपर्यंत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्यात टॅगची कॉइल आली की तिच्यात आपोआप व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलेलं इंडक्शन, आपण सगळ्यांनी शाळेत मॅग्नेट आणि गॅल्व्हनोमीटरच्या प्रयोगात बघितलंय, तेच हे. तेवढ्याशा विजेवर चिप जागी होते आणि कामाला लागते. म्हणून टॅग वर्षानुवर्षं चालतो, पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशिनमधून निघाला तरी बहुतेक वेळा चालतो.

पण खरी गंमत पुढे आहे. चिपकडे स्वतःचा ट्रान्समीटर नाही, मग ती बोलते कशी? तर ती आपल्याच कॉइलवरचा लोड ठरलेल्या तालात कमीजास्त करते. दोन्ही कॉइल एकाच चुंबकीय क्षेत्रात असल्यामुळे त्याचा किंचित परिणाम रीडरच्या कॉइलवरही होतो, आणि रीडर तो चढउतार पकडून त्यातून 0 आणि 1 ओळखतो. म्हणजे वीजही रीडरची, लहरही रीडरची, टॅग फक्त त्याच लहरीवर आपली खूण उमटवतो. इतकी वर्षं हेच काम करतोय तरी ऑसिलोस्कोपवर ती लहर बघताना मला अजूनही तेवढंच भारी वाटतं.

सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त चालणाऱ्या, ईएम4100 प्रकारच्या टॅगमध्ये एकूण 64 बिट्स असतात, म्हणजे 0 किंवा 1 असे 64 आकडे. सुरुवातीला सलग नऊ वेळा 1, म्हणजे रीडरला कळतं की नंबर इथून सुरू झाला, मग चार-चार बिट्सच्या दहा ओळी आणि प्रत्येक ओळीमागे तपासणीचा एक बिट, शेवटी उभ्या रकान्यांचे तपासणीचे चार बिट्स आणि एक 0. प्रत्येक बिटला लहरीची 64 आवर्तनं लागतात, म्हणजे पूर्ण नंबर एकदा सांगायला साधारण 33 मिलिसेकंद. टॅग रीडरसमोर आहे तोपर्यंत तो हेच परत परत सांगत राहतो, सेकंदाला तीसेक वेळा. त्यामुळे जोरात आपटायची काही गरज नाही, रेंजमध्ये अर्धा सेकंद शांतपणे धरला तरी पुष्कळ होतं.

इथेच अजून एक रोजची तक्रार सुटते. हे 125 वाले दोन टॅग एकाच किचेनमध्ये असतील, एक आपल्या सोसायटीचा आणि एक सासरच्या सोसायटीचा, तर दोघंही एकदम बोलायला लागतात आणि रीडरला काहीच कळत नाही. या स्वस्त चिपमध्ये आळीपाळीने बोलायची सोयच नाही. लोक टॅग खराब झाला म्हणून दुसरा विकत घेतात, पण फक्त दोन्ही टॅग वेगळे धरून बघा. रीडर थेट लोखंडी गेटवर बसवला असेल तरी रेंज पार मरते, मागे प्लॅस्टिकचा जाड तुकडा टाकून मधे अंतर ठेवलं की फरक लगेच दिसतो.

आता त्या नंबराबद्दल, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. टॅगच्या पाठीवर किंवा कार्डाच्या कोपऱ्यात दोन प्रकारे छापलेला आकडा असतो. समजा 0012345678 असं आहे आणि पुढे 188,24910. हे दोन वेगळे नंबर नाहीत. 188 ला 65536 ने गुणा, त्यात 24910 मिळवा, बरोबर 1,23,45,678 येतात. एकच संख्या, पहिल्यांदा सलग लिहिलेली आणि दुसऱ्यांदा वरचे 8 बिट्स आणि खालचे 16 बिट्स वेगळे करून लिहिलेली. हे कळलं नाही की काय होतं, रजिस्टरमध्ये एकाने पहिला नंबर लिहिलेला असतो, सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या प्रकारे दिसत असतो, आणि हरवलेला टॅग डिलीट करायला बसलं की "हा नंबर सिस्टिममध्ये नाहीच" असं म्हणून विषय सोडून दिला जातो. टॅग मात्र चालूच राहतो. कॅल्क्युलेटर काढा आणि एकदा गुणून बघा, मिळेल.

रीडरने नंबर वाचला की तो आतल्या कंट्रोलरकडे जातो, आणि तिथे आजही जी पद्धत सर्रास वापरतात तिचं नाव वीगांड. जॉन वीगांड या संशोधकाच्या नावावरून आलंय, त्याने खास धातूची तार शोधली होती जी चुंबकाजवळून गेली की एकदम झटक्यात पल्स द्यायची. 70-80 च्या दशकात कार्डांमध्ये अशा तारांचे तुकडे दोन ओळींत घालायचे, एका ओळीचा पल्स म्हणजे 0 आणि दुसरीचा म्हणजे 1. ती कार्डं गेली, पण दोन वायरींची पद्धत राहिली. रीडरच्या मागे हिरवी वायर म्हणजे डेटा झिरो आणि पांढरी म्हणजे डेटा वन, 0 असेल तर हिरवीवर छोटासा पल्स आणि 1 असेल तर पांढरीवर. सगळ्यात कॉमन फॉरमॅट 26 बिट्सचा, त्यात मधले 24 बिट्स नंबराचे आणि दोन टोकांना तपासणीचा एकेक बिट. 24 बिट्समध्ये एकूण 1 कोटी 67 लाखांच्या वर वेगवेगळे नंबर बसतात, ऐकायला भरपूर वाटतात पण जगभर विकल्या जाणाऱ्या टॅगच्या मानाने काहीच नाहीत.

लपवालपवी यात कसलीच नाही, वायरीत दिसतो तोच नंबर. नवीन कामात शक्य असेल तिथे वीगांडच्या जागी ओएसडीपी नावाची पद्धत मागा. त्यात रीडर आणि कंट्रोलरमधलं बोलणं एन्क्रिप्ट करता येतं, फक्त ते सेटिंग खरंच चालू केलंय ना ते बघून घ्या. आणि केबल खूप लांब नेता येते, वीगांडला दीडशे मीटरच्या पुढे भरवसा नाही.

दार उघडायचं की नाही हे टॅगही ठरवत नाही आणि रीडरही ठरवत नाही, कंट्रोलर ठरवतो. त्याच्याकडे एक यादी असते, हा नंबर चालतो का, या दाराला चालतो का, या वेळेला चालतो का. तिन्हीची उत्तरं हो आली की तो रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टाकतो आणि लॉकची वीज तीन-चार सेकंद तोडतो. मुळात टॅग म्हणजे कोणीही नाव विचारलं की बिनदिक्कत सांगून टाकणारा माणूस. विचारणारा आपला रीडर आहे की कोणी परका, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे सोसायटीची सुरक्षितता टॅगमध्ये नसते, ती त्या यादीत असते, आणि यादी कोणीतरी माणसाने सांभाळायची असते. हे मी प्रत्येक कमिटीला सांगतो आणि प्रत्येक वेळी मनापासून सांगतो, कारण लाखो रुपये खर्च करून बसवलेली सिस्टिम याच एका गोष्टीमुळे वाया गेलेली मी बघितलीय.

एका सोसायटीत मी जुन्या सिस्टिमची यादी काढली तर घरांच्या दुपटीहून जास्त टॅग चालू होते. फ्लॅट विकून गेलेले लोक, चार भाडेकरू आधीचा भाडेकरू, रंगकाम करून गेलेले कारागीर, बिल्डरच्या साइट ऑफिसचे टॅग, सगळे जिवंत. भाडेकरू सोडून जाताना डिपॉझिटचा हिशोब होतो, मीटरचं रीडिंग घेतलं जातं, एनओसीच्या सह्या होतात, पण टॅग डिलीट केला का हे विचारणारं कोणी नसतं. टॅग परत घेतला म्हणजे झालं असंही नाही, कारण त्याची कॉपी कोणाच्या तरी खिशात असू शकते. नंबरच यादीतून गेला पाहिजे.

कॉपीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. 125 वाल्या टॅगची कॉपी करणं सोपं आहे. टी5577 नावाची परत परत लिहिता येणारी चिप मिळते, हातात मावणारं मशिन मिळतं, आणि काही चावीवाले तर दुकानात बसूनच करून देतात. यात काही मोठं हॅकिंग नाही, नंबर ऐकायचा आणि दुसऱ्या चिपमध्ये लिहायचा. त्यासाठी प्रत्येक वेळी टॅग हातात लागतो असंही नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "पार्किंगमध्ये हा टॅग सापडला, कोणाचा आहे?" असा फोटो येतो ना, पाठीवरचा नंबर स्वच्छ दिसणारा, तो फोटोच पुरतो. 26 बिट्सच्या सिस्टिममध्ये तपासला जाणारा सगळा नंबर त्यात आला. म्हणून टॅग सापडला तर फोटो टाकू नका, वॉचमनकडे द्या.

मग 13.56 मेगाहर्ट्झवाली कार्डं घेतली की झालं का? हे ओळखायचं सोपं आहे, फोनमध्ये एनएफसी असेल तर टॅग फोनच्या पाठीला लावा, फोन काहीतरी ओळखतोय म्हणजे 13.56 वाला, काहीच होत नाही म्हणजे बहुतेक 125 वाला. आपल्या मेट्रोचं कार्ड आणि बँकेचं टॅप करायचं कार्ड याच 13.56 वर चालतं. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा प्रकार अजून वेगळा, तो 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालतो आणि काही मीटरवरून वाचता येतो, म्हणून बूम बॅरियरला तशाच टॅगचा वापर करतात. पण दारावर 13.56 आहे एवढ्यावर खूश होऊ नका. यातलं सगळ्यात जास्त पसरलेलं कार्ड मायफेअर क्लासिक, 1994 सालचं. त्याचं कुलूप 48 बिट्सचं आणि पद्धत कंपनीने गुप्त ठेवलेली. डिसेंबर 2007 मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर घासून, मायक्रोस्कोपखाली फोटो काढून ती पद्धत उलगडल्याचं बर्लिनच्या परिषदेत दाखवलं, आणि 2008 मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी ती किती कच्ची आहे हे सिद्ध केलं. कंपनी, म्हणजे एनएक्सपी, पेपर छापू नये म्हणून कोर्टात गेली आणि कोर्टाने नकार दिला. मला तो निकाल फार योग्य वाटतो. कुलूप कच्चं असेल तर ते वापरणाऱ्याला कळायलाच हवं.

त्याहून वाईट म्हणजे कितीतरी ठिकाणी कार्ड 13.56 चं असतं पण रीडर आतलं काही वाचतच नाही, फक्त कार्डाचा उघडा सिरियल नंबर घेतो. मग कार्ड कितीही भारी असो, फायदा शून्य, कारण सिरियल नंबर बदलता येणारी कार्डंही बाजारात मिळतात. डेसफायरसारखं, एईएस या भक्कम एन्क्रिप्शनचं कार्ड असेल आणि रीडर ते खरंच तपासत असेल, तर मात्र दरवेळी रीडर नवा प्रश्न टाकतो आणि कार्ड आतल्या गुप्त चावीने त्याचं उत्तर काढून देतं, चावी बाहेर येतच नाही. व्हेंडरला एवढंच विचारा, "रीडर सिरियल नंबर वाचतो की आतली चावी तपासतो?" तो गडबडला तर कोटेशन बाजूला ठेवा.

आता दोन गोष्टी ज्या मला टॅगपेक्षाही महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, कीपॅडवालं एकच डबडं दाराच्या बाहेर लावायचं, ज्यात रीडर, यादी आणि रिले सगळं एकत्र. स्वस्त पडतं म्हणून छोट्या बिल्डिंगमध्ये हेच लावतात. पण लॉकची वायर त्याच डब्याच्या मागे येते, म्हणजे दार उघडायचा स्विच दाराच्या बाहेर, दोन स्क्रूंच्या मागे. टॅगची कॉपी करायचीसुद्धा गरज नाही. बाहेर फक्त रीडर, आणि कंट्रोलर आत, कुलूपबंद पेटीत, एवढा एक आग्रह धरा. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

दुसरी गोष्ट लॉकची, आणि ही जिवाशी संबंधित आहे. काचेच्या दाराला वर जो लांबट चौकोनी मॅग्नेट असतो तो साधारण 600 पौंडांचा, म्हणजे 270 किलोच्या आसपास ताकदीने धरून ठेवतो, 12 व्होल्टवर अर्धा अँपिअर घेऊन. वीज आहे तोपर्यंत धरतो, वीज गेली की सोडतो. लोकांना हा दोष वाटतो, "लाईट गेली की दार उघडं राहतं हो!" असं तावातावाने सांगतात, पण ते मुद्दाम तसं आहे. आग लागली, वायरिंग जळालं, धूर झाला, तर आतल्या माणसाला दार ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे. रोजच्या लाईट जाण्यासाठी बॅटरी असते. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची नवी बॅटरी एक दार कागदावर दहाएक तास धरते, पण तीन-चार वर्षं जुनी असेल तर तासाभरातसुद्धा मान टाकते, आणि मग गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की सिस्टिमला शिव्या बसतात. बॅटरी बदला, लॉक बदलू नका. लाईट गेली तरी बंदच राहणारं लॉक बाहेर पडायच्या दाराला लावा असं कोणी म्हणालं, तर दार आतून साध्या हँडलने उघडतं का ते आधी विचारा, उघडत नसेल तर सरळ नाही म्हणा.

शिवाय दाराच्या आतल्या बाजूला एक्झिटचं बटन असतं, त्याच्या शेजारी हिरवी इमर्जन्सी पेटीही हवीच, आणि तिने लॉकची वीज थेट तोडली पाहिजे, कंट्रोलरला विचारून नाही, कारण आगीत कंट्रोलर अडकून बसला तर? फायर अलार्मच्या पॅनेलची वायर पण लॉकच्या सप्लायपर्यंत यायला हवी. बऱ्याच बिल्डिंगमध्ये फायरवाला वेगळा आणि ॲक्सेसवाला वेगळा, दोघांनी एकमेकांना फोनच केलेला नसतो, आणि ती वायर कोणीच जोडलेली नसते. मॉक ड्रिल असेल तेव्हा खरंच दारापाशी उभं राहून बघा, अलार्म वाजल्यावर मॅग्नेट सुटतो का.

आणि लॉगबद्दल थोडं. सिस्टिममध्ये नोंद राहते ती टॅगची, माणसाची नाही. 8 वाजून 10 मिनिटांनी अमुक नंबर आला एवढंच ती सांगते, तो कोणाच्या हातात होता हे नाही. एका ठिकाणी कामाच्या मावशींचे टॅगचे टाइम काढून ग्रुपवर टाकले आणि त्यावरून त्यांच्या पगाराची चर्चा सुरू झाली. मी त्या मीटिंगमध्ये उठून विरोध केला. मागून येणाऱ्या आजोबांसाठी दार धरून ठेवलं, किंवा दोघी मावशी एकाच टॅगवर आत आल्या, की लॉग चुकला. चोरी झाली तर कॅमेऱ्याच्या फुटेजबरोबर लावून बघायला ही नोंद उपयोगी आहे, पण कोणाच्या घामाचा हिशोब त्यावर करू नये, आणि ती कमिटीतल्या दोन माणसांपलीकडे जाऊ नये.

आमच्या सोसायटीत सध्या असं चालतं की दर महिन्याला मेंटेनन्सची बिलं निघतात त्याच दिवशी सेक्रेटरी टॅगची यादी काढतात आणि भाडेकरूंच्या करारांच्या तारखांशी ताडून बघतात. करार संपला, नवा आला नाही, तर नंबर बंद, मग मालकाने फोन केला की चालू. सुरुवातीला चिडचिड झाली, आता सवय झालीय. भाडेकरूच्या टॅगला सॉफ्टवेअरमध्ये कराराची शेवटची तारीख टाकता येते, ती सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते आणि बहुतेक ठिकाणी रिकामी असते. ॲडमिनचा पासवर्ड व्हेंडरने दिलेलाच असेल तर तो आजच बदला आणि सीलबंद पाकिटात सोसायटीच्या दप्तरात ठेवा. टॅग हरवला तर आधी जुना नंबर बंद करून घ्या आणि नवा टॅग नंतर मागा, आपल्याकडे नेमकं उलटं होतं, नवा मिळाला की जुन्याचं कोणाच्या लक्षातच राहत नाही.